पुकारून टाकला

माझ्या नोकरीतली पहिली मोठी चूक दोन अक्षरांची. इंग्रजीत ती तीन अक्षरं होतात, पण मी ती मराठीतच केली, म्हणून दोन.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावाहून निघणाऱ्या दैनिकात मी शिकाऊ उपसंपादक म्हणून लागलो, तेव्हा टेलिप्रिंटर चालू होता. कोपऱ्यातल्या लाकडी खोक्यात त्याची रात्रभर खडखड चाले. कागदाचं भेंडोळं खाली सांडत जाई आणि शिपाई दर अर्ध्या तासाने ते पट्टीने फाडून माझ्या टेबलावर आणून टाकी. त्या तुकड्यांना आम्ही टेक म्हणत असू. त्यातल्या इंग्रजी बातम्या मराठीत करायच्या, मथळा द्यायचा, कंपोझिंगला पाठवायच्या. रात्रपाळीला आम्ही तिघं. मुख्य उपसंपादक, एक जुने सहकारी आणि मी.

ती रात्र महिनाअखेरची होती. देशभरातल्या बँक कर्मचाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी संपाची हाक दिलेली होती आणि दिल्लीत बोलणी चालू होती. सव्वाच्या सुमाराला मशीनची घंटा वाजली आणि एक ओळ उमटली. तिचं मराठीत अक्षरांतर असं: बँक स्ट्राइक कॉल्ड ऑफ. मुख्य उपसंपादक चहाला खाली गेले होते. पान अडून राहिलं होतं.

इथे माझ्या इंग्रजीबद्दल सांगायला हवं. पाचवीपासून इंग्रजी, घरात तर्खडकर भाषांतर पाठमालेची पानं सुटलेली प्रत, आणि शब्द पाठ करण्याचा सोस. मोठे शब्द मला भरपूर येत. अडचण छोट्यांची होती. अप, ऑफ, आउट, इन ही क्रियापदांच्या शेपटाला चिकटलेली पिल्लं आम्हाला कुणी शिकवलीच नाहीत. ती मी आपली आपणच ताडली होती. 'पे ऑफ' म्हणजे कर्ज फेडून टाकणं. 'सेल ऑफ' म्हणजे विकून टाकणं. 'फिनिश ऑफ' म्हणजे संपवून टाकणं. तीन उदाहरणं मिळाल्यावर मी नियम केला: ऑफ म्हणजे 'टाकणे'. आपल्याकडे नाही का, बोलून टाकतो, देऊन टाकतो, तसं. मग 'कॉल ऑफ' म्हणजे पुकारून टाकणं. आणि संप तर आपण पुकारतोच. सगळं इतकं नीट जुळलं की शंका यायला जागाच राहिली नाही.

आता वाटतं, आधीच पुकारलेला संप रात्री सव्वाला पुन्हा कशाला कुणी पुकारील? पण तेव्हा वाटलं, बोलणी फिसकटली असतील, म्हणून एकदाचा पुकारून टाकला. ओळीच्या खाली दोन वाक्यं आणखी होती. त्यांत 'आश्वासनानंतर' असा शब्द होता. मी तो 'आश्वासनानंतरही' करून घेतला. माणूस चुकीच्या गाडीत बसला की थोडा वेळ पुढची स्टेशनंही त्याला ओळखीची वाटतात.

मथळा मी दिला: 'अखेर संप पुकारला, बँका आज बंद'. मुख्य उपसंपादक वर आले तेव्हा पान मशीनवर गेलं होतं.

सकाळी बँका उघड्या होत्या.

तेव्हा एटीएम नव्हती, मोबाइल नव्हते. जिल्ह्यातल्या अर्ध्या गावांना बँक उघडी आहे की बंद हे आमच्या पेपरवरून कळे. दुपारी फोन सुरू झाले. संध्याकाळी एक निवृत्त शिक्षक स्वतः आले, पांढरी टोपी, हातात घडी केलेला आमचाच अंक. मुलाच्या कॉलेजच्या प्रवेशासाठी डिमांड ड्राफ्ट काढायचा होता, शेवटचा दिवस होता, आणि पेपर वाचून ते एसटीने तालुक्याला आलेच नाहीत. शेजाऱ्याने दुपारी सांगितलं तेव्हा बँकेची वेळ संपली होती. ते रागावले नाहीत. त्यांनी अंक टेबलावर उलगडला, मथळ्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे कुणी लिहिलं?" मी म्हटलं, "मी." ते म्हणाले, "बरं," आणि गेले. पुढे त्या मुलाला विलंबशुल्क भरून प्रवेश मिळाला हे कळलं तेव्हा मी किती दिवसांनी नीट जेवलो ते सांगत नाही.

मुख्य उपसंपादक ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी मला समोर बसवलं.

"तू माणदेशातला ना?"

"हो, साहेब."

"धनगरांचे वाडे बघितलेस?"

"आमच्याच रानात बसायचे दर साली."

"वाड्याच्या जवळून रात्री गेलास तर काय होतं?"

"कुत्री अंगावर येतात."

"मग?"

"धनगर हाळी देतो."

"हाळी दिल्यावर?"

"मागं फिरतात."

"तो कॉल ऑफ," ते म्हणाले. "अंगावर गेलेल्याला हाक मारून बाजूला घेणं. ऑफ म्हणजे टाकणं नव्हे, ऑफ म्हणजे दूर. आणि एक सांग, हाळी धनगराऐवजी तू दिलीस तर?"

"फाडून खातील."

"म्हणजे ज्याचं कुत्रं त्यानंच बोलवायचं मागं. लिहून ठेव."

मी खरंच लिहून ठेवलं. दोनशे पानी वही घेतली आणि पहिल्या पानावर फक्त एवढंच: 'संप मागे घेतला'. पुढे पस्तीस वर्षं ती वही भरत गेली. इतर शब्दही तिच्यात आले, पण सगळ्यात जास्त पानं या एका जोडीने खाल्ली. कारण असं, की इंग्रजीत 'कॉल ऑफ' म्हटलं की काम भागतं. संप असो, सभा असो, लग्न असो, क्रिकेटचा सामना असो, दरडीखालच्या माणसांचा शोध असो. मराठीत मात्र प्रत्येक वेळी थांबून विचारावं लागतं, कुणी थांबवलं, कसं थांबवलं आणि त्यानंतर काय उरलं.

एकट्या संपाचंच बघा. पुढाऱ्याने आपणहून परत घेतला तर तो 'मागे घेतला'. दोन्ही बाजूंनी पाऊल मागे टाकून तोडगा निघाला तर 'मिटला'. काही जण गुपचूप कामावर गेले तर 'फुटला'. मालकाने किंवा सरकारने चिरडला तर 'मोडून काढला'. कुणी काही न करता आपोआप विरला तर 'बारगळला'. पाच शब्द आणि पाचांचा जाब वेगवेगळ्या माणसाला. एजन्सीची कॉपी सगळ्यांसाठी एकच जोडी वापरते आणि निवड माझ्या अंगावर टाकते. भाषांतर करणाऱ्याला मत नसतं असं म्हणणाऱ्यांनी एकदा रात्रपाळी करावी.

आमच्या ग्रंथालयात १९७४च्या रेल्वे संपाच्या जुन्या फायली होत्या. ८ मेला सुरू झालेला, जवळपास सतरा लाख माणसांचा संप. जॉर्ज फर्नांडिस आधीच अटकेत, हजारो जण तुरुंगात, वसाहतींतून कुटुंबं बाहेर काढलेली. २७ मेला कृती समितीने तो एकतर्फी मागे घेतला. 'कॉल्ड ऑफ' आणि 'मागे घेतला', दोन्ही कागदावर बरोबर. पण त्या काळात रेल्वेत असलेल्या एका माणसाशी बोलताना मी 'मागे घेतला' म्हटलं, तर त्याने मला मध्येच थांबवलं. "घेतला नाही, घ्यायला लावला," तो म्हणाला. वहीत मी त्यापुढे प्रश्नचिन्ह काढलंय. मथळ्यात 'घ्यायला लावला' बसत नाही.

त्याहून जुनं उदाहरण शाळेतल्या इतिहासाचं. फेब्रुवारी १९२२मध्ये चौरीचौऱ्याला जमावाने पोलीस ठाणं पेटवलं, आतले पोलीस मारले गेले, आणि गांधीजींनी असहकाराची चळवळ आवरली. इंग्रजी पुस्तकं सरसकट 'कॉल्ड ऑफ' लिहितात. बारडोलीला काँग्रेस कार्यकारिणीने केलेल्या ठरावात मात्र सामुदायिक कायदेभंग 'सस्पेंड' करण्याची भाषा होती. मराठीत कुठे 'तहकूब', कुठे 'स्थगित', कुठे 'मागे घेतली'. हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. तहकूब केलेली सभा पुन्हा भरायची असते. मागे घेतलेला अर्ज पुन्हा करावा लागतो. त्या वेळी तुरुंगात असलेल्या आणि या निर्णयाने दुखावलेल्या पुढाऱ्यांची तक्रार याच फरकाची होती, असं मला वाटतं. थांबणं त्यांना सोसलं असतं. मागे घेणं सोसलं नाही.

हा फरक नेमका ओळखून वापरला तो दिल्लीच्या सीमेवरच्या शेतकऱ्यांनी. १९ नोव्हेंबर २०२१ला पंतप्रधानांनी तीन कृषी कायदे मागे घेण्याची घोषणा केली, ९ डिसेंबरला संयुक्त किसान मोर्चाने तंबू उठवण्याचं जाहीर केलं. इंग्रजी वाहिन्यांवर 'कॉल ऑफ' धावत होतं. मोर्चाचे नेते सांगत होते, आंदोलन संपवलेलं नाही, स्थगित केलंय, जानेवारीत आढावा घेऊ. माझ्या टेबलावरच्या पोराने 'आंदोलन मागे' असा मथळा करून आणला होता. कायदे मागे आणि आंदोलनही मागे, त्याला ते यमक आवडलं होतं. मी म्हटलं, कायदे मागे घेतले सरकारने, कुत्रं धनगराजवळच उभं आहे. त्याला काही कळलं नाही. ही धनगराची गोष्ट त्याला कधी सांगितली नव्हती.

आता मुंबईच्या गिरणी संपाकडे येतो.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी मुंबईतल्या एका दैनिकात आलो. तिथे मुद्रितशोधकांच्या खोलीत एक काका होते. लालबागचे. बारीक, चष्मा नाकावर, लाल शाईची दौत नेहमी उजव्या हाताला. जानेवारीत दरवर्षीसारखा गिरणी संपावर एक लेख आला, इंग्रजीतून भाषांतर करून घेतलेला, आणि त्यात वाक्य होतं: 'संप मागे घेतल्यानंतर अनेक गिरण्या सुरूच झाल्या नाहीत.' भाषांतर माझं. मूळ कॉपीत 'आफ्टर द स्ट्राइक वॉज कॉल्ड ऑफ' होतं, आणि यात तरी चूक होणार नाही याची मला खात्री होती. धनगर, हाळी, सगळं पाठ.

प्रूफ परत आलं. 'मागे घेतल्यानंतर' या शब्दांभोवती लाल वर्तुळ आणि समासात दोन शब्द: 'कोणी? कधी?'

मी खोलीत गेलो. "काका, हे काय?"

"तूच सांग. कोणी घेतला मागे?"

"डॉक्टरांनी."

"कुठल्या तारखेला?"

मला वाटलं, तारीख मिळेल. १८ जानेवारी १९८२ ही सुरुवातीची तारीख लहान मुलालाही ठाऊक. सुमारे अडीच लाख कामगार, डॉ. दत्ता सामंतांचं नेतृत्व, मुळाशी बोनस आणि पगारवाढ, आणि १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एकट्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाला दिलेली मान्यता. शेवटाची तारीख मात्र सापडेना. ग्रंथपालांनी १९८३ची फाइल काढून दिली, मग १९८४ची. कामगार थोडे थोडे परत गेल्याच्या बातम्या होत्या, गेटवरून परत पाठवलेल्यांच्या होत्या, गावाकडे निघून गेलेल्यांच्या होत्या. पण संप मागे घेतल्याची बातमी नव्हती. मी दोन संध्याकाळी त्या धुळीत बसून राहिलो. तिसऱ्या दिवशी काकांनीच सांगितलं, "नाही मिळायची. घेतलाच नाही कुणी."

तो संप औपचारिकपणे कधीच मागे घेतला गेला नाही. आता हे बऱ्याच ठिकाणी छापून येतं, तेव्हा मला ठाऊक नव्हतं. काका स्वतः एका गिरणीत साचेखात्यात बदली कामगार होते. बदली, म्हणजे रोज सकाळी गेटवर उभं राहायचं आणि कुणी गैरहजर असलं तर त्या दिवसापुरतं आत जायचं. संपाआधी सहा वर्षं ते बदलीच होते. मराठी शुद्ध, अक्षर चांगलं, म्हणून कुणाच्या तरी ओळखीने छापखान्यात लागले आणि तिथून इकडे. "नियमानं बघितलं तर मी अजून संपावरच आहे," ते म्हणाले आणि पुढचं प्रूफ ओढलं.

वाक्य मी बदललं. 'संप विरत गेला तसतशा' असं काहीतरी केलं. काकांनी 'विरत'खाली रेघ मारली, मग ती खोडली. १६ जानेवारी १९९७ला डॉ. सामंतांची पवईत हत्या झाली. संपाला पंधरा वर्षं व्हायला दोन दिवस कमी होते. त्या रात्री आम्ही सगळे पान लावत होतो, काका त्यांच्या खोलीत होते, आणि मला पुन्हा तेच आठवलं, की आता तर परत बोलावणाराही उरला नाही.

याच्या बरोबर उलटं मी एसटीच्या संपात पाहिलं. डिसेंबर २०२१मध्ये एका संघटनेने संप मागे घेत असल्याचं जाहीर केलं, मंत्र्यांच्या शेजारी बसून. आम्ही मथळा केला. दुसऱ्या दिवशी आगारांत गाड्या उभ्याच. बहुतेक चालक-वाहक आलेच नाहीत, कारण त्यांच्या लेखी ती हाक देणारा माणूस त्यांचा नव्हता. पुढे उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२पर्यंत कामावर हजर व्हायला सांगितलं तेव्हा कुठे गाड्या हलल्या. म्हणजे एक संप कुणी मागे न घेताच संपला आणि दुसरा मागे घेऊनही चालू राहिला. दोन्हीकडे इंग्रजी कॉपीत तेच दोन शब्द फिरत होते.

मध्येच एक हलकं. मला काही महिने अर्थपानावर बसवलं होतं, शिक्षा म्हणूनच बहुधा. सरकारी खरेदीच्या एका बातमीत 'कॉल-ऑफ ऑर्डर' असं आलं. मी सरावाने 'मागणी रद्द' लिहून मोकळा झालो. नशिबाने शेजारी वाणिज्य शाखेचा पोरगा होता. व्यापारात मोठा करार आधी करून ठेवतात आणि लागेल तसा माल त्यातून उचलतात. त्या उचलीला कॉल-ऑफ म्हणतात. म्हणजे तिथे 'कॉल ऑफ' म्हणजे रद्द करणं नव्हे, मागवणं. वहीच्या त्या पानावर फक्त एक उद्गारचिन्ह आहे.

शिकाऊ मुलांना मी पुढे हे शिकवायचो तेव्हा दोन खोड्या हमखास सांगायचो. पहिली, 'इट' असेल तर ते मध्येच बसतं: 'कॉल इट ऑफ' म्हणतात, 'कॉल ऑफ इट' नाही. नाम असेल तर आधी-मागे कुठेही चालतं. दुसरी, 'पुट ऑफ'शी गल्लत करू नका, ते पुढे ढकलणं आहे. २०२०च्या वसंतात याचा धडा आयता मिळाला. मार्चच्या अखेरीस टोकियो ऑलिम्पिक पुढे ढकललं गेलं, १ एप्रिलला विम्बल्डन रद्द झालं. आठवड्याभराच्या अंतरात एक पुट ऑफ आणि एक कॉल ऑफ. मी दोन्ही कात्रणं फळ्यावर शेजारी चिकटवली. म्हणजे मनात चिकटवली. फळा ऑफिसात होता आणि आम्ही घरी.

त्याच वर्षी आषाढी आली.

एका इंग्रजी कॉपीत होतं की पंढरीची वारी 'कॉल्ड ऑफ' झाली. घरच्या संगणकावर मी ती ओळ बराच वेळ बघत बसलो. माझ्या आजीने अठरा वाऱ्या केल्या होत्या. वारी 'चुकते', वारी 'मोडते', एखाद्या साली अंथरुणामुळे 'खाडा पडतो'. वारी रद्द झाली असं मी घरात कधी ऐकलं नव्हतं. रद्द करायला ती आधी कुणीतरी जाहीर करायला हवी. संपाची हाक असते, बंदची असते, सभेची दवंडी असते. वारीला कोण बोलावतं? ज्याने बोलावलं असं वारकरी मानतात, त्याने काही परत बोलावलं नव्हतं. सरकारने बंदी घातली होती ती पायी चालण्यावर. आळंदी-देहूहून प्रस्थान मोजक्या माणसांत झालं, पादुका तिथल्या देवळांतच राहिल्या, आणि एकादशीच्या आदल्या दिवशी, ३० जूनला, एसटीने पंढरपूरला गेल्या.

आमच्या पानावर शेवटी मथळा गेला: 'यंदा पायी वारी नाही; पादुका एसटीने पंढरीला'. एका तरुण सहकाऱ्याने विचारलं, एवढा लांब कशाला, 'वारी रद्द' तीन कॉलमात ठसठशीत बसतंय. मी म्हटलं, बसतंय, पण कुणाच्या घरी गेलं तर पेपर फेकून मारतील. तो हसला. मी अर्धवट हसलो.

खेळाच्या पानावर मी कमी जात असे. तिथली मंडळी स्वतःचं मराठी घडवतात आणि ते बऱ्याचदा आमच्यापेक्षा जिवंत असतं. पावसाने सामना झाला नाही की 'सामना पाण्यात', 'पावसाने सामना धुतला'. सप्टेंबर २०२१मध्ये मँचेस्टरची पाचवी कसोटी सुरू व्हायच्या दिवशीच होणार नाही असं ठरलं, भारत मालिकेत २-१ने पुढे होता. इंग्लंडच्या मंडळाच्या पहिल्या निवेदनात भारत सामना सोडून देत असल्याचा, म्हणजे हार पत्करल्याचा शब्द होता. थोड्या वेळाने निवेदन बदललं, तो शब्द गेला. एका शब्दावर मालिका २-१ की २-२ हे ठरत होतं. क्रीडा विभागाचा प्रमुख माझ्याकडे येऊन म्हणाला, "तुमची ती कॉल ऑफची वही आहे ना, त्यात बघा, भांडण असेल तेव्हा काय म्हणायचं?" मी म्हटलं, 'होणार नाही' म्हण. त्यात कुणाचाच दोष नाही. (तो सामना पुढच्या जुलैत बर्मिंगहॅमला झाला आणि इंग्लंडने जिंकून मालिका २-२ केली.)

लग्नाचं वहीत एकच पान आहे. इंग्रजीत लग्न 'कॉल ऑफ' करतात, दोघंही, सभ्यपणे, पत्रक काढून. आपल्याकडे लग्न 'मोडतं'. कुणीतरी मोडलेलं असतं, आणि मोडणाऱ्याचं घर गावाला ठाऊक असतं. अलीकडे मुलंमुली 'लग्न रद्द केलं' म्हणतात. जुन्या कानाला ते तिकिटासारखं लागतं, पण मला आवडायला लागलंय. त्यात मोडतोड नाही.

उपोषणाला आपल्याकडे स्वतःचं क्रियापद आहे हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. एकादशी सोडतात, तसंच उपोषण सोडतात. येरवड्याला सप्टेंबर १९३२मध्ये गांधीजींनी संत्र्याच्या रसाने सोडलं, २८ ऑगस्ट २०११ला रामलीला मैदानावर अण्णा हजारेंनी नारळपाणी आणि मधाने. 'कॉल ऑफ' म्हटलं की निर्णय दिसतो, 'सोडलं' म्हटलं की पेला दिसतो. एजन्सीच्या कॉपीत पेला चौथ्या परिच्छेदात असतो, आम्ही तो उचलून पहिल्यात आणतो.

शेवटची नोंद जुलै २०२३ची. निवृत्तीला काही महिने उरले होते.

१९ जुलैच्या रात्री रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड आली. डोंगराच्या अंगावरची ठाकरवाडी, वर जायला रस्ता नाही, यंत्रं पोचली नाहीत, माणसांनी हातांनी माती उपसली. पाऊस थांबत नव्हता. २३ तारखेला शोध थांबवण्याचं ठरलं. सत्तावीस मृतदेह हाती लागले होते, सत्तावन्न माणसं बेपत्ता होती. संध्याकाळी कॉपी आली: सर्च कॉल्ड ऑफ.

डेस्कवर नवी मुलगी होती, हुशार, हात चलाख. तिने कॉपी संगणकाच्या भाषांतरातून काढली, जिथे खटकलं तिथे नीट केली आणि मला दाखवली. मथळा होता: 'इर्शाळवाडीतील शोधमोहीम रद्द'.

"रद्द नको," मी म्हटलं.

"मग 'मागे घेतली'?"

"कोण घेणार मागे?"

तिने विचार केला. "'आवरती घेतली'?"

हे बरं होतं. मोहीम आवरती घेतात, पसारा आवरतात. पण ज्यांची माणसं खाली आहेत ते काही आवरणार नव्हते. मी म्हटलं, "'थांबवली' लिही." तिने लिहिलं. मग म्हणाली, "सर, कुणी थांबवली ते येत नाही यात."

"येत नाही."

"चालेल?"

मी वही काढली नाही, ती घरी होती. पान सोडायला बारा मिनिटं होती. "बेपत्तांचा आकडा मथळ्यात घे," मी सांगितलं, "अंकांत." तिने घेतला. ओळ लांब झाली, टाइप दोन पॉइंटने उतरवावा लागला. 'इर्शाळवाडीतील शोध थांबवला. ५७ जण अद्याप बेपत्ता'. 'अद्याप' ठेवू का, तिने विचारलं. मी ठेव म्हटलं.